अंबडमधली नोकरी सोडू की नको?

मेकॅनिकलची डिग्री झाल्यावर नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला ट्रेनी म्हणून लागले, तेव्हा पप्पांनी पेढे वाटले. त्यांची सगळी नोकरी सातपूरला एकाच कारखान्यात झाली. एमआयडीसीत चिकटलं की प्रश्न मिटला, असा त्यांचा हिशेब. मला मात्र पहिल्या पावसाळ्यातच रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा यायला लागला.

काम अवघड असतं तरी चाललं असतं. कस्टमरची तक्रार आली की 8डी रिपोर्ट भरायचा, म्हणजे तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय लिहायचा ठरावीक आठ पायऱ्यांचा अहवाल. मूळ कारण: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं. मग ट्रेनिंगच्या कागदावर सह्या गोळा करत फिरायचं. पुढच्या तक्रारीला तीच फाइल उघडून तारीख बदलायची. एकदा सही करताना सीएनसीवरचे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरचे) एक काका म्हणाले, "मॅडम, मी काय शिकलो ते तरी सांगून ठेवा, ऑडिटवाल्यानं विचारलं तर?"

सल्ले फुकट मिळत होते. पुण्याची मावशी म्हणे, जावा शीक आणि हिंजवडीला ये. आई म्हणे, दोन वर्षं काढ. ही दोन वर्षं बाँडची. तो कागद मी सही करताना नीट वाचला होता, तरी आता कायदाही बघितला. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 मुळे 'नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायचं नाही' अशी अट सहसा टिकत नाही. पण 'इतका काळ काम करा, नाहीतर भरपाई द्या' हे बाँडचं प्रकरण वेगळं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या खटल्यात 3 वर्षांची अट आणि 2 लाखांची भरपाई वैध धरली. ती सरकारी बँक, आमची खासगी कंपनी. पण 'बाँड म्हणजे नुसता कागद, कोणी काही करत नाही' असं छातीठोक सांगणाऱ्या मित्रांवर माझा तरी विश्वास राहिला नाही.

कॉलेजच्या एका सरांना भेटले. ते म्हणाले, "कंटाळा येतो हे कळलं. कशाचा येतो ते लिहून आण." मला हे जरा शाळकरी वाटलं. तरी खिशातल्या डायरीत मागच्या पानांवर दिवसातला कुठला तास जड गेला एवढंच टिपायला लागले. महिनाभरात दिसलं की सगळ्या शिव्या टेबलाच्या कामाला होत्या. मायक्रोमीटर (बारीक मापं घ्यायचं उपकरण) घेऊन लाइनवर असताना एकही नाही.

त्याच सुमारास एका बुशचा (नळीसारख्या छोट्या पार्टचा) बाहेरचा व्यास मापाबाहेर जायला लागला. रिपोर्टमध्ये पुन्हा 'दुर्लक्ष' लिहायचं जिवावर आलं, म्हणून रिजेक्ट नग कोणत्या वेळी निघाले ते मांडून पाहिलं. बहुतेक सगळे जेवणाच्या सुट्टीनंतरचे. सुट्टीत मशीन बंद, स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) थंड. पुन्हा सुरू केल्यावर ते तापून स्थिर होईपर्यंत माप सरकायचं, मायक्रॉनमध्येच, पण टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, तेवढाच होता. काकांना विचारलं तर म्हणाले, "हे आम्हाला माहीतच आहे. विचारलं कोणी?" सुट्टीनंतर मशीन थोडा वेळ मोकळं फिरवायचं आणि पहिले नग मोजून ऑफसेट द्यायचा, म्हणजे मशीनच्या सेटिंगमध्ये तेवढा फरक भरायचा, असं ठरलं. रिजेक्शन खाली आलं. त्या रात्री जेवताना मी पप्पांना अर्धा तास स्पिंडल समजावत होते, आणि त्यांनी पहिल्यांदाच माझ्या नोकरीबद्दल उलट प्रश्न विचारले.

मग साहेबांकडे गेले. 'क्वालिटीत मन लागत नाही' असं न म्हणता, बुशचा तक्ता पुढे ठेवून प्रोसेस इंजिनिअरिंगला, म्हणजे पार्ट कसा बनवायचा ते ठरवणाऱ्या विभागात, बदली मागितली. ते म्हणाले, "बघू." हे 'बघू' पुढची दिवाळी ओलांडून चाललं. मध्ये सिन्नरच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू दिला. पगार थोडा बरा होता, पण काम पुन्हा फाइलींचंच, म्हणून नको म्हटलं. घरी कोणाला पटलं नाही. शेवटी प्रोसेसमधला एक जण सोडून गेला आणि जागा मिळाली.

आता सोमवार सुसह्य आहे. पगार कमीच आहे आणि प्रोसेसमध्येही कागद आहेतच. बाँड संपलाय, चाकणला अर्ज टाकलेत, सगळे प्रोसेसच्याच जागांसाठी. मावशीला अजून सांगितलेलं नाही.