बॉक्सिंग कंटाळवाणं झालंय? मे २०२५ चे तीन दिवस तपासून पाहा

"आता बॉक्सिंगमध्ये राम राहिला नाही" असं म्हणणाऱ्या जुन्या चाहत्याला पुरावा हवा असेल, तर २ आणि ३ मे २०२५ या दोन तारखा पुरेत. (तारखा अमेरिकेच्या आहेत, आपल्याकडे एक दिवस पुढे.) शुक्रवारी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये भर चौकात रिंग उभारली होती. रायन गार्सिया आणि रोलान्डो रोमेरो तिथे पूर्ण १२ फेऱ्या खेळले आणि दोघांनी मिळून ४९० ठोसे फेकले. त्याच रात्री त्याच रिंगमध्ये झालेल्या डेव्हिन हेनी आणि होसे रामिरेझ यांच्या लढतीची बेरीज ५०३. दुसऱ्या दिवशी रियाधमध्ये सॉल 'कनेलो' अल्वारेझ आणि विल्यम स्कल यांनी तर कहर केला. दोघांचे मिळून फक्त ४४५ ठोसे. ठोसे मोजणारी कॉम्प्युबॉक्स १९८५ पासून नोंदी ठेवते. पूर्ण १२ फेऱ्या चाललेल्या लढतीत इतका कमी आकडा तिच्याकडे आधी कधीच नव्हता.

त्यातले कनेलोचे १५२. एकूण ३६ मिनिटांच्या खेळात सरासरी दर १४ सेकंदांना एक ठोसा. स्कलने २९३ फेकले, पण लागले ५५. कनेलोचे लागले ५६. सुपर मिडलवेट या वजनगटातले जगज्जेतेपदाचे चारही पट्टे पणाला लागलेल्या लढतीचा हा हिशोब.

कंटाळा आला म्हणणाऱ्याचं म्हणूनच चुकत नाही. पण हा कंटाळा येतो कुठून, याचं नेहमीचं उत्तर ("आजकालच्या पोरांत दम नाही") मला साफ अमान्य आहे. ही रियाधची लढत घडली कशी, तेवढं उलगडलं तरी खरं कारण दिसतं.

जगज्जेतेपद देणाऱ्या मोठ्या संस्था चार: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. प्रत्येकीची स्वतःची क्रमवारी असते आणि प्रत्येकीचा एक 'अनिवार्य आव्हानवीर' असतो. ठरलेल्या मुदतीत विजेत्याने त्याच्याशी खेळायचं, नाहीतर पट्टा काढून घेतला जातो. कनेलोने २०२४ मध्ये आयबीएफचा अनिवार्य आव्हानवीर असलेल्या स्कलऐवजी एडगर बर्लांगाशी खेळायचं ठरवलं, तेव्हा आयबीएफने पट्टा काढला. रिकाम्या पट्ट्यासाठी स्कल व्लादिमीर शिश्किनशी खेळला आणि जिंकला. आता चारही पट्टे पुन्हा एकत्र हवे असतील, तर कनेलोला ज्याला टाळलं त्याच स्कलकडे जाणं भाग होतं. आणि स्कल हा सतत मागे सरकत, बाजूला निसटत खेळणारा बॉक्सर. प्रेक्षकांपैकी कुणीही मागितली नव्हती अशी लढत कागदी नियमांनी जन्माला घातली.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. कनेलोची सप्टेंबरमधली टेरेन्स क्रॉफर्डविरुद्धची लढत आधीच ठरलेली होती. टाइम्स स्क्वेअरलाही तेच. गार्सिया आणि हेनी दोघे जिंकले, तर त्यांची पुन्हा गाठ घालायची अशी योजना होती. पुढचा मोठा धनादेश लिहून तयार असेल, तर आजच्या रात्री धोका कोण पत्करेल? भुवई फुटली तरी सहा महिने गेले. अशा बॉक्सरच्या कोपऱ्यातले प्रशिक्षकही त्याला "सांभाळून, गुण घे" एवढंच सांगतात. गार्सिया दुसऱ्याच फेरीत खाली गेला होता, त्यात वर्षभराची बंदी भोगून तो परतलेला. उरलेली लढत त्याचे हात मोकळेपणाने सुटलेच नाहीत आणि तो हरला. बहुतेक रटाळ लढतींच्या मुळाशी आळसाऐवजी हे पुढच्या लढतीचं गणित सापडतं.

रिंगमधलं तांत्रिक कारणही बघायला हवं. पळणाऱ्याला गाठायचं तर त्याच्या मागे जायचं नसतं, त्याची वाट अडवायची असते. तो उजवीकडे सरकत असेल तर आपला पाय तिरका, त्याच्या पुढच्या जागेवर पडला पाहिजे. तो ज्या बाजूला जातोय त्या बाजूने हुक (बाजूने वळून येणारा ठोसा) यायला हवा, आणि डोकं सापडत नसेल तर जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) छातीवर, पोटावर. कनेलोचे पाय तसे मंद. तो सरळ रेषेत स्कलच्या मागे चालत राहिला आणि स्कल दर वेळी दोरांवरून निसटला. रिंगची बाजू नियमांनुसार साधारण १६ ते २४ फुटांपर्यंत असू शकते, आणि पळणाऱ्याला मोठी रिंग म्हणजे पर्वणीच. आपल्याकडे फडात खडाखडी लांबली की पंच पैलवानांना समज देतो आणि निकाल लावायला भाग पाडतो. बॉक्सिंगच्या रेफरीला मात्र नुसत्या पळण्याबद्दल गुण कापायची सोय जवळपास नाही.

आता "जुना काळ सोन्याचा" या दाव्याकडे येऊ. तो अर्धाच खरा आहे. जो लुईने डिसेंबर १९४० पासून जवळपास दर महिन्याला हेवीवेट किताब पणाला लावला, पण समोरचे इतके दुबळे होते की वर्तमानपत्रांनी त्या मालिकेचं नावच 'महिन्याचा फुकट्या' अशा अर्थाचं पाडलं होतं. म्हणजे रटाळ लढती तेव्हाही होत्याच. फरक एवढाच की पुढची लढत महिन्याभरात यायची. त्याच मालिकेत १८ जून १९४१ ला बिली कॉन आला. १२ फेऱ्यांनंतर दोन पंचांच्या कार्डवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, तो पुढे होता आणि तिसऱ्याकडे बरोबरी. तेराव्या फेरीत लुईने त्याला झोपवलं.

शुगर रे रॉबिन्सनचं उदाहरण याहून बोलकं आहे. ४० लढती जिंकून अपराजित असलेला रॉबिन्सन ५ फेब्रुवारी १९४३ ला जेक लामोटाकडून हरला. १९ फेब्रुवारीला तो जॅकी विल्सनशी खेळला आणि २६ फेब्रुवारीला पुन्हा लामोटाशी खेळून जिंकला. एकाच महिन्यात हार, मधली लढत आणि परतफेड. पहिली हार म्हणजे कारकीर्द संपली, असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आज पराभवाच्या रकान्यातलं शून्य हेच बॉक्सरचं भांडवल झालंय, आणि भांडवल जपायचं म्हणजे बरोबरीच्या माणसाशी वर्षानुवर्षं न खेळणं आलं. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांच्या लढतीची बोलणी २००९ मध्ये सुरू झाली आणि लढत झाली २ मे २०१५ ला. तोवर मेवेदर ३८ वर्षांचा, पॅकियाओ ३६ चा. पे-पर-व्ह्यूची (त्या एका लढतीचे पैसे भरून टीव्हीवर बघण्याची) विक्री ४६ लाख, म्हणजे विक्रमी. खेळ मात्र सहा वर्षं उशिरा आलेला. माझ्या मते जुना चाहता दुरावला तो इथेच. पैसे त्याने मोजले आणि वर फसवल्याची भावना पदरात पडली.

फेऱ्या १५ च्या १२ झाल्या, हाही एक बदल. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत पडलेला दक्षिण कोरियाचा किम डुक-कू काही दिवसांनी दगावला. डब्ल्यूबीसीने लगेच १२ फेऱ्या केल्या, बाकीच्यांनी त्या दशकात. हा निर्णय बरोबरच होता आणि १५ फेऱ्या परत आणा म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी अजिबात नाही. पण त्याने लढतीची घडण बदलली, हे मान्य करायला हवं. १९८१ मध्ये शुगर रे लेनर्ड तिन्ही कार्डांवर मागे असताना त्याने चौदाव्या फेरीत टॉमी हर्न्सला थांबवलं. आज सात फेऱ्या खिशात असलेला बॉक्सर शेवटच्या दोन फेऱ्या नुसता फिरत काढू शकतो. बरेच जण काढतातही.

एवढं सगळं मान्य करूनही बॉक्सिंग कंटाळवाणं झालंय असं मी म्हणणार नाही, आणि त्याचं कारणही याच आठवड्यातलं आहे. रियाधच्या दुसऱ्याच दिवशी, ४ मे ला, लास व्हेगासमध्ये नाओया इनोउए दुसऱ्या फेरीत रामोन कार्देनासच्या डाव्या हुकवर खाली बसला. उठला, सातव्या फेरीत कार्देनासला पाडलं आणि आठव्यात लढत संपवली. टाइम्स स्क्वेअरच्या आधीच्या शनिवारी, २६ एप्रिलला, लंडनमध्ये क्रिस युबँक ज्युनियर आणि कॉनर बेन १२ फेऱ्या एकमेकांना भिडत राहिले होते. त्या लढतीत एकही जागतिक पट्टा नव्हता. होती ती दोघांच्या वडिलांपासून चालत आलेली खुन्नस आणि खच्चून भरलेलं स्टेडियम. टाइम्स स्क्वेअरला तिकिटंच विकली नव्हती, मोजके निमंत्रित बसले होते. गर्दीचा आवाज बॉक्सरला पुढे ढकलतो. तो नसेल तर पाय आपोआप मागे पडतात.

मग लढत निवडायची कशी? पट्ट्यांची संख्या मोजू नका. डब्ल्यूबीएकडे 'सुपर' आणि 'रेग्युलर' असे एकाच वजनात दोन विजेते असू शकतात, त्यात 'अंतरिम' वेगळा. आधी बघायचं ते हे: दोघांपैकी कुणाची पुढची लढत जाहीर झाली आहे का? झाली असेल तर अपेक्षा निम्म्यावर आणा. मग शैली. दोघेही प्रतिहल्ला करणारे असतील, तर दोघेही एकमेकांची वाट बघत बसतात. निदान एकाला पुढे येण्याची सवय हवी. तिसरं, शेवटची लढत कधी झाली. विजेंदर सिंग १२ पैकी १२ जिंकून मार्च २०२१ मध्ये पणजीला कॅसिनोच्या जहाजावर उतरला, पण त्याआधीची त्याची लढत नोव्हेंबर २०१९ ची होती. उंच्यापुऱ्या आर्तिश लोपसानने त्याला पाचव्या फेरीत थांबवलं. सोळा महिन्यांच्या खंडानंतर डोळ्याला दिसलेला ठोसा मान हलेपर्यंत येऊन लागलेला असतो.

वजनाची अटही वाचा. वजन आदल्या दिवशी होतं आणि रात्रभरात बॉक्सर कित्येक किलो परत मिळवतो. करारात दुसऱ्या दिवशीच्या वजनवाढीवरही मर्यादा असेल (युबँक-बेनमध्ये ठरलेल्या वजनापेक्षा १० पौंडच जास्त चालणार होते), तर मोठ्या चणीचा माणूस कोरडा, थकलेला उतरू शकतो. शेवटच्या फेऱ्यांत त्याचे हात खाली येऊ लागतात, आणि तिथेच लढत फिरते.

आणि बघताना स्वतः गुण द्या. कंटाळ्यावर याच्याइतकं गुणकारी औषध माझ्या माहितीत नाही. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, एकदा खाली गेला तर बहुधा ८. समालोचनाचा आवाज बंद करा, कारण समालोचक स्टार बॉक्सरच्या हवेतल्या ठोशांवरही ओरडतात. घंटा वाजल्यावर एका मिनिटाच्या विश्रांतीतच आकडा लिहा आणि नंतर बदलू नका. बघायचं ते स्वच्छ लागलेले ठोसे. हातमोज्यावर, कोपरावर, खांद्यावर अडलेले मोजायचे नाहीत.

एका गुणाची किंमत कळायला १८ मे २०२४ ची उसिक-फ्युरी लढत नवव्या फेरीपासून बघा. ओलेक्सांद्र उसिकच्या डाव्या हातांनी टायसन फ्युरी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात लडखडत गेला. तो जमिनीवर पडला नाही, दोरांनी त्याला धरलं. म्हणूनच रेफरी मार्क नेल्सनने मध्ये पडून आकडे मोजले. दोरांच्या आधाराने उभा राहिलेला बॉक्सर पडलेलाच धरतात. फेरी १०-८ झाली. निकाल होता ११५-११२ आणि ११४-११३ उसिक, ११४-११३ फ्युरी. ते आकडे मोजले नसते आणि फेरी १०-९ राहिली असती, तर फ्युरीला तिन्ही कार्डांवर एकेक गुण जास्त मिळाला असता. म्हणजे ११५-११३ उसिक, ११५-११३ फ्युरी, ११४-११४. लढत बरोबरीत, आणि १९९९ नंतरचा पहिला निर्विवाद (सगळे मोठे पट्टे एकट्याकडे असलेला) हेवीवेट विजेता त्या रात्री जगाला मिळालाच नसता.

ज्यांचा अगदीच विश्वास उडालाय, त्यांनी हेवीवेट काही दिवस बाजूला ठेवून खालच्या वजनांकडे वळावं. १०८ ते १२२ पौंडांत लपायला जागा नसते. पाय दोघांचेही जलद, हात दोघांचेही सतत सुटलेले, आणि जपानमध्ये तर बरोबरीचे बॉक्सर एकमेकांना वर्षानुवर्षं टाळत नाहीत. इनोउए २०२५ मध्ये चार वेळा खेळला. आपल्या दृष्टीने वेळही सोयीची. लास व्हेगाससाठी रविवारची सकाळ, लंडन आणि रियाधसाठी मध्यरात्रीनंतरचं जागरण, पण टोकियोची मुख्य लढत साधारण संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुरू होते. सुरुवात मे २०२४ च्या टोकियो डोममधल्या इनोउए-नेरी लढतीने करा. पहिल्याच फेरीत इनोउए खाली जातो, तेव्हा तो घाईने उठत नाही. गुडघ्यावर बसून आठपर्यंत आकडे ऐकतो आणि मगच उभा राहतो. उरलेली फेरी हात उंच ठेवून, ठोसे चुकवत काढतो आणि दुसऱ्या फेरीत नेरीला पाडतो.