एकाच नाल्यातला गाळ

निवडणुकीपासून आमच्या गल्लीत दोन गट पडलेत. आज मात्र दोन्हीकडचे लोक एकाच नाल्यातला गाळ उपसत होते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी घराघरांत घुसलं. कोणाच्या दारावर कोणता झेंडा, हे पाण्यानं पाहिलं नाही.

ज्या काकाजींशी माझं व्हॉट्सॲपवर कडाक्याचं भांडण झालं होतं, त्यांनी आज भिंतीवरची पुराची खूण दाखवली. छातीएवढी. "लग्नाचा अल्बमही गेला ना बाप्पा," म्हणाले. मला बोलवेना.

मतं आमची अजूनही वेगळीच आहेत, राहू देत. पण 74 व्या घटनादुरुस्तीनं मोठ्या शहरांसाठी वॉर्ड समित्या, म्हणजे वॉर्डांतली पालिकेची कामं पाहणाऱ्या समित्या, सांगितल्यात. आपल्या भागाच्या समितीचं काय, हे विचारायला आम्ही दोघं महापालिकेत जाणार आहोत. अर्ज काकाजी लिहितायत, सह्या मी गोळा करतोय. गल्लीतल्यांनो, संध्याकाळी घरी राहा.