रद्द केलेली तिकिटं

कॉल आला तेव्हा पहाटेचे पावणेपाच झाले होते. जून २०२५ चा शेवटचा आठवडा, बाहेर बारीक पाऊस. मी १०८ च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. आमच्याकडे गाडी चालवणाऱ्याला पायलट म्हणतात. सिंदखेडराजा मागे पडेपर्यंत पायलटभाऊ गप्प होते. समृद्धी महामार्गावर चढताना एवढंच म्हणाले, "मॅडम, हीच वेळ असते बघा."

खरंच हीच वेळ असते. पहाटे तीन ते साडेपाच शरीर झोप मागतंच, मग माणूस कितीही कसलेला ड्रायव्हर असो. त्यात हा रस्ता सरळसोट. ना गाव, ना चौक, ना समोरून येणारं कुणी. डोळे उघडे राहतात आणि मेंदू झोपतो.

कार ट्रकच्या मागच्या बाजूला घुसली होती. सगळ्या एअरबॅग उघडल्या होत्या. गाडी चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे. छातीवर सीटबेल्टचा तिरपा वळ उमटला होता, पण ते चालत होते. शेजारी बसलेल्या मुलाचा पाय मोडला होता, तो शुद्धीवर होता. त्याची आई मागच्या सीटवर उशी घेऊन आडवी झाली होती. बेल्ट अर्थातच नव्हता. ती पुढच्या दोन सीटच्या मधे अडकलेली सापडली.

मानेला कॉलर लावला, स्पाइन बोर्डवर घेतलं, ऑक्सिजन, सलाईन सुरू केलं. रक्तदाब लागत नव्हता. एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती, म्हणजे मेंदूला मार. ते पाहिल्यावर मला कळायचं ते कळलं.

गाडीत सलाईनची बाटली धरून बसलेले गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर, आमची विमानाची तिकिटं होती हो. नागपूर-मुंबई. अहमदाबादचं ते झालं आणि ही म्हणाली, नको, आपली गाडी बरी. मीच रद्द केली."

मी काय बोलणार? १२ जूनच्या त्या विमान अपघातात २६० माणसं गेली. आमच्या घरीही टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं, आणि माझ्या आईनेही "विमानात बसायचं नाही" असं जाहीर केलं होतं. पण २०२२ या एका वर्षात देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. दिवसाला साडेचारशेच्या वर. म्हणजे अहमदाबादला गेली त्याच्या पावणेदोन पट माणसं, रोज. ती एकेक-दोनदोन अशी, वेगवेगळ्या तालुक्यांत जातात, म्हणून कुणाच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाहीत. माझ्या राहतात.

जालन्याच्या अलीकडे नाडी लागेनाशी झाली. रुग्णालयाच्या दारापर्यंत मी छाती दाबत होते. तिथल्या डॉक्टरांनी आणखी वीस मिनिटं प्रयत्न केला.

मुलगा स्ट्रेचरवरून मला पुन्हा पुन्हा विचारत होता, "आई तर मागे होती ना? मग तिलाच कसं लागलं?" हा प्रश्न मी आजवर कितीदा ऐकलाय. मागची सीट सुरक्षित, हा आपल्याकडे पक्का समज आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ कार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेही मागेच होते आणि त्यांनीही बेल्ट लावला नव्हता. ताशी शंभरच्या वेगाने गाडी आदळून थांबली, की आत मोकळं असलेलं शरीर त्याच वेगाने पुढे जातं. बाराव्या मजल्यावरून पडल्यासारखा तो मार असतो. हे त्या पोराला त्या क्षणी सांगणं मला जमलं नाही. मी त्याचा हात धरून उभी राहिले.

परतीच्या वाटेवर मात्र डोक्यात तेच फिरत होतं. विमानात दोन वैमानिक असतात, त्यांनी किती तास काम करायचं याचा कायदा आहे. रेल्वेच्या इंजिनात चालकाची काही वेळ हालचाल झाली नाही, तर आधी इशारा होतो आणि मग आपोआप ब्रेक लागतात. या गृहस्थांनी दिवसभर दुकान सांभाळलं होतं, रात्री जेवून स्टीअरिंग हातात घेतलं होतं. त्यांना थांबवणारं कुणी नव्हतं. स्टीअरिंग आपल्या हातात आहे, एवढ्यानेच माणसाला किती धीर येतो!

भाऊंनी आणि मी मिळून गाडी धुतली. ती उशी आमच्याच गाडीत राहिली होती. भाऊंनी ती पिशवीत नीट घातली, नातेवाईक आले की द्यायला.

आठ वाजता ड्युटी संपली. मी सवयीने स्कूटीची किल्ली घेतली. देऊळगावराजाला माझं घर. तीन वर्षं मी रात्रभर जागून अशीच, डोळे ताणत, ट्रकांच्या मधून घरी जात होते. भाऊंनी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलले काहीच नाहीत.

किल्ली खिळ्याला परत अडकवली आणि स्टँडवर गेले. जालन्याला जाणारी एसटी लागलेलीच होती. कंडक्टरांना म्हटलं, "दादा, देऊळगाव आलं की उठवा." खिडकीला डोकं टेकलं, त्यानंतरचं मला काही आठवत नाही.