बॅकअप सुरू झाला की गोठणारं नेटवर्क कार्ड: माझा अनुभव

नाशिकमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसचा फाइल सर्व्हर मी सांभाळतो. त्यावर डेबियन लिनक्स आहे, मदरबोर्डवरचंच गिगाबिट कार्ड आहे आणि ड्रायव्हर ई१०००ई (इंटेलच्या कार्डांचा). मध्यंतरी रात्रीचा बॅकअप अर्ध्यातच तुटायला लागला आणि सकाळी कुणालाच ड्रॉइंग उघडेनात. कार्डाचा दिवा हिरवा, पिंगला मात्र उत्तर नाही. मग कुणीतरी बटण दाबून मशीन बंद-चालू करायचं आणि दिवसभर सगळं ठीक चालायचं.

रीस्टार्ट केला की डीमेसेज (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या संदेशांची यादी) कोरं होतं, म्हणजे पुरावाच जातो. म्हणून पुढच्या वेळी फोन आला, “दादा, करू का रीस्टार्ट?” तेव्हा म्हटलं, “थांबा, हात लावू नका, मी येतोय.” (आधीच रीस्टार्ट झाला असेल आणि जर्नल (सिस्टिमची नोंदवही) डिस्कवर साठत असेल, तर जर्नलसीटीएलला ‘-के -बी -१’ देऊन मागच्या बूटचे कर्नल संदेश पाहता येतात.)

मॉनिटर-कीबोर्ड जोडला. मशीन जिवंत होतं, लॉगिन झालं, डिस्क ठीक. डीमेसेजमध्ये मात्र दर दोन सेकंदांनी एकच ओळ: ‘डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग’. तिच्याखाली टीडीएच आणि टीडीटी हे दोन आकडे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलके तेच. पाठवायच्या पॅकेटांची एक गोलाकार रांग असते. ड्रायव्हर नवीन काम टाकतो तसा टीडीटी पुढे सरकतो, कार्ड ते उचलतं तसा टीडीएच. इथे टीडीटी पुढे होता आणि टीडीएच प्रत्येक संदेशात जागच्या जागी. म्हणजे कर्नलने काम दिलंय, पण कार्ड उचलत नाहीये. थोड्या वेळाने ड्रायव्हर स्वतःच कार्ड रीसेट करायचा, लिंक वर यायची आणि पुन्हा तेच.

केबल आणि स्विचचा पोर्ट बदलून पाहिला, फरक नाही. इथटूल या कार्डाची माहिती आणि सेटिंग हाताळणाऱ्या आज्ञेला कॅपिटल एस दिल्यावर सीआरसीच्या (वाटेत बिघडलेल्या पॅकेटांच्या) चुका शून्य दिसल्या, तेव्हा तारेवरचा संशय सोडला. मग ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला: मॉडप्रोब ‘-आर’ने काढायचा, साध्या मॉडप्रोबने परत घालायचा. मशीन बंद न करता कार्ड परत आलं. हे समोर बसूनच करावं, एसएसएचवरून (दुरून लॉगिन करून) केलं तर आपलीच तार तुटते.

आता हँग मुद्दाम घडवून आणायचा होता. नेटवर्कचा वेग मोजणारं आयपर्फ३ लावलं. सर्व्हरकडे डेटा येत होता तोवर काही नाही. दिशा उलटी करून सर्व्हरला पाठवायला लावलं, सोबत बॅकअपही सुरू केला, आणि कार्ड गोठलं. पाठवतानाच अडतंय म्हटल्यावर नजर टीएसओकडे गेली. टीएसओ चालू असतं तेव्हा कर्नल ६४ केबीपर्यंतचा अख्खा तुकडा कार्डाकडे सोपवतो आणि १५०० बाइटच्या मापात तो कापण्याचं काम कार्ड करतं. ई१०००ईवर चालणाऱ्या काही चिपा नेमक्या याच कामात अडकतात, हे लिनक्सवाल्यांना जुनं माहीत आहे.

इथटूलला कॅपिटल के देऊन टीएसओ आणि जीएसओ (त्याचाच कर्नलमधला भाऊ) दोन्ही बंद केलं. स्मॉल के नुसती यादी दाखवतो, कॅपिटल के बदल करतो. घाईत इथे गल्लत होते. पुन्हा तीच चाचणी, तोच बॅकअप, पण हँग नाही. कापाकापी आता प्रोसेसरच्या गळ्यात. पूर्ण गिगाबिट वेगाला सेकंदाला सुमारे ८१ हजार पॅकेटं होतात, पण टॉपमध्ये भार जेमतेम वाढलेला दिसला. ऑफिसच्या कामासाठी हा सौदा मला शंभर टक्के मान्य आहे. वीज वाचवणारं ईईई बंद करणं किंवा दुसऱ्या चिपचं पीसीआय-एक्सप्रेस कार्ड घालणं हे पुढचे उपाय तयार ठेवले होते, गरज पडली नाही.

हा बदल रीबूटनंतर टिकत नाही. त्यामुळे नेटवर्कच्या इंटरफेसेस फाइलमध्ये त्या कार्डाच्या नावाखाली पोस्ट-अपची (कार्ड सुरू झालं की तीच आज्ञा चालवणारी) ओळ घातली. ब्रिज (कार्डावर बसवलेला आभासी स्विच) असेल तर ती खऱ्या कार्डाला लागू व्हायला हवी, नुसत्या ब्रिजला लावून भागत नाही. आणि कर्नल अपडेट झाला की मी आधी स्मॉल के चालवून टीएसओ बंदच आहे ना, ते बघतो. कार्डाचं नाव बदललं असेल तर पोस्ट-अपची ती ओळ लागूच होत नाही.