आज बीम नाही

२०२३च्या एप्रिलमधल्या शेवटच्या रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला टीव्ही मीच बंद केला. ताटात अर्धी मिसळ तशीच राहिली होती. १२०-१००. आमची बास्केटबॉल टीम, कॅलिफोर्नियातली सॅक्रामेंटो किंग्ज, आपल्याच घरात, मालिकेचा सातवा आणि शेवटचा सामना गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून हरली. त्यांच्या एकट्या स्टेफ करीने ५० पॉइंट केले. सातव्या सामन्यात एवढे पॉइंट त्याच्या आधी कुणाच्याही नावावर नव्हते. हाफटाइमला आम्ही दोन पॉइंटनी पुढे होतो, हेच जास्त लागलं. नंतर आमचा नेम चुकत गेला, त्यांचा केव्हॉन लूनी उडालेले चेंडू गोळा करत राहिला, २१ रिबाउंड, आणि करी थांबलाच नाही.

पाच मिनिटांत फोन वाजायला लागला. कॉलेजच्या ग्रुपमधले चौघं फ्रीमाँट आणि सनीव्हेलला असतात, म्हणजे वॉरियर्सच्या मुलखात. एकाने लिहिलं, "सांगितलं होतं ना, इकडे ये." हे वाक्य मी कित्येक वर्षं ऐकतोय आणि ते कधीच नुसत्या बास्केटबॉलबद्दल नसतं. तिकडे कंपन्या आहेत, तिकडे पगार आहेत, तू त्या गावात सरकारी खात्याच्या प्रोजेक्टवर काय करत बसलास, असा त्याचा पूर्ण अर्थ. दर दिवाळीला कुणीतरी विचारतंच. त्यांच्यातला एकही जण वॉरियर्स हरत होते त्या काळात इथे नव्हता. आले २०१५ला, टीम करीच्या काळातल्या पहिल्या ट्रॉफीवर हात ठेवून उभी होती तेव्हा. मग २०१७, २०१८, २०२२. चार ट्रॉफ्या आयत्या मिळाल्या. करीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, त्याच्यासारखा खेळणारा मी पाहिलेला नाही. पण जी टीम जिंकते ती धरायला काय लागतं? मी जिथे राहतो, जिथे माझा मुलगा चालत शाळेत जातो, त्या गावाची टीम धरली. यात चूक काय, ते मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

आणि गाव म्हणालात तर हो, गावच आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला. उन्हाळ्याच्या शेवटी इथे हायवेच्या वळणांवर ट्रकमधून सांडलेले टोमॅटो पडलेले दिसतात, तेव्हा मला कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेला ऊस आठवतो. आम्ही पोरं तो ओढायला पळायचो. सनीव्हेलमध्ये मला असं काही आठवलं नसतं.

किंग्ज २००६ नंतर थेट २०२३ला प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेरीत, पोचले. मध्ये सलग १६ सीझन कोरडे गेले. एनबीएमध्ये, म्हणजे इथल्या बास्केटबॉल लीगमध्ये, एवढा लांब दुष्काळ दुसऱ्या कुठल्याच टीमने सोसलेला नाही. मी २०१२ला आलो आणि पुढच्याच वर्षी टीम सिएटलला हलवायचं घाटत होतं. ती विकत घेऊन इथेच ठेवली त्या मंडळींचे पुढारी होते विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेले, जुहूत वाढलेले. वॉरियर्समधला आपला वाटा विकून ते इकडे आले. बातमीत ते आडनाव वाचून मी बायकोला हाक मारली होती. पुढे कोचवर कोच बदलत गेले आणि लोक त्यांच्या नावाने खडे फोडायला लागले, तेव्हाही ऑफिसात मी त्यांचीच बाजू घ्यायचो. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी टीम मुंबईला, वरळीच्या डोममध्ये नेली. इंडियाना पेसर्सशी दोन सराव सामने झाले, दोन्ही हरलो. तरी एनबीए पहिल्यांदा भारतात खेळली ती आमच्या टीममुळे, हे मी आजही सांगतो.

त्या सीझनला, २०२३ला, मात्र ४८ विजय. कोच माइक ब्राउन एकमताने वर्षाचे सर्वोत्तम कोच ठरले. जिंकल्यावर स्टेडियमच्या छतावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशात सोडतात, त्याला सगळे बीम म्हणतात. शहराच्या नॅटोमास भागात आमच्या वरच्या खोलीतून तो दिसतो. थंडीभर मुलगा झोपायच्या आधी खिडकीशी जाऊन बघायचा.

सामना बघायला शेजारचे आजोबा आमच्याकडे आले होते. सत्तरी ओलांडलेले, सरकारी नोकरीतून निवृत्त. बायको गेल्यापासून घरात एकटेच. हातात गाईच्या गळ्यातली घंटी. वीसेक वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसच्या लेकर्स टीमचे कोच फिल जॅक्सन सॅक्रामेंटोला गाईगुरांचं गाव म्हणाले. तेव्हापासून इथले लोक घंट्या घेऊनच सामन्याला जायला लागले. आजोबांची त्याच काळातली आहे. पत्र्याची, जांभळा रंग कडेला टिकलेला, आतला लोलक तुटल्यावर त्यांनी तारेने बांधलेला. माझ्या मुलाने ती पहिल्यांदा वाजवली तेव्हा मला बेंदराच्या दिवशीची आमची बैलजोडी दिसली.

मी टीव्ही बंद केल्यावर ते काही बोलले नाहीत. उठले, मिसळीची वाटी सिंकमध्ये ठेवली, बाहेर जाऊन आमच्या गॅरेजसमोर उभे राहिले आणि घंटी वाजवायला लागले. सावकाश, एका लयीत. मला वाटलं, हे काय? हरलोय आपण. मग समोरच्या घरातली बाई बाहेर आली, तिच्याकडे पातेलं आणि डाव होता. कोपऱ्यावरच्या पंजाबी कुटुंबातली दोन्ही मुलं आली. दहा-बारा माणसं आपापल्या दारात उभी राहून वाजवत होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आजोबा माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "चांगलं वर्ष होतं." मला हुंदका आवरला नाही.

मला १९९६ची इडन गार्डन्सची सेमीफायनल आठवत होती. आमच्या वाड्यात एकच टीव्ही, तीस माणसं. स्टँडमध्ये आगी लागल्या, बाटल्या पडल्या, सामना श्रीलंकेला देऊन टाकला आणि विनोद कांबळी रडत बाहेर आला. काका दोन दिवस जेवले नाहीत. हरल्यावर टाळ्या वाजवायच्या असतात हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. पण म्हणून इथे सगळे संत आहेत असं कुणी समजू नये. अमेरिकेत टीम जिंकली तरी गाड्या उलट्या करणारी शहरं आहेत. आणि हेच आजोबा २००२च्या लेकर्सविरुद्ध हरलेल्या सहाव्या सामन्याचा विषय निघाला की अजून लालबुंद होतात. शेवटच्या क्वार्टरमध्ये पंचांनी लेकर्सना २७ फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता नेम धरायच्या संधी, दिल्या होत्या, तो आकडा त्यांना मुखोद्गत आहे. कांबळीच्या अश्रूंची मला कधीच लाज वाटलेली नाही. आमच्याकडे जीव लावतात तो असाच.

माझा स्वतःचा सल वॉरियर्सविरुद्धच्या सातव्या सामन्याचा नाही, चौथ्याचा आहे. मालिकेत २-१ने पुढे होतो. शेवटच्या मिनिटात करीने टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवायची सवलत, मागितला आणि त्यांच्याकडे तो शिल्लकच नव्हता. आम्हाला फुकटचा फ्री थ्रो मिळाला, पाठोपाठ आमच्या डिएरन फॉक्सने तीन पॉइंटचा घातला. १२६-१२५, आम्ही एकाच पॉइंटने मागे. शेवटच्या क्षणी दोघं फॉक्सच्या अंगावर गेले, त्याने चेंडू आमच्याच हॅरिसन बार्न्सला दिला. बार्न्स मोकळा होता. चेंडू रिंगला लागून बाहेर आला. तो आत गेला असता तर ३-१. मी तो तुकडा किती वेळा पाहिला ते बायकोला विचारा. त्याच सामन्यात फॉक्सच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं हाड मोडलं. पोरगा डावखुरा. त्याच बोटाला पट्टी बांधून पुढचे तिन्ही सामने खेळला.

साडेचारच्या सुमाराला गावाहून वडिलांचा फोन आला. तिकडे पहाट, १ मे उजाडलेला. आधी महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा दिल्या, मग विचारलं, "तुमच्या मॅचचं काय झालं?" त्यांना बास्केटबॉलचे नियम माहीत नाहीत, पण महिनाभर मी फोनवर दुसरं काही बोललोच नव्हतो.

"हरलो, आण्णा."

थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मागे गोठ्यात बादली ठेवल्याचा आवाज आला.

"आणि त्या पोराच्या बोटाचं? बघतील ना आता कुणी नीट?"

"बघतील," म्हटलं.

रात्री मुलगा सवयीने खिडकीशी गेला. बाहेर नुसता अंधार होता. आजोबांनी घंटी आमच्याच टेबलावर ठेवली होती, ती त्याने उशाशी घेतली आणि वाजू नये म्हणून आतला लोलक मुठीत धरून झोपला.