खोक्यावरचे ४५० आणि लेबलावरचे १९२

मुलीच्या स्थापत्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात त्रिमितीय आराखड्यांचे काम वाढल्यावर घरच्या संगणकात आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड बसवायचे ठरले, आणि कार्ड मागवण्यापूर्वी मी कॅबिनेटची बाजू उघडून आतल्या एसएमपीएसचे, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचे, लेबल वाचायला घेतले. संगणक २०२० मध्ये जुळवून घेतलेला, रायझन ५ ३६०० प्रोसेसरचा. एसएमपीएस मात्र कॅबिनेटसोबतच आलेला. त्याच्या खोक्यावर आणि अंगावर ४५० हा आकडा ठळकपणे छापलेला होता, पण त्यापुढे ‘वॅट’ कुठेही लिहिलेले नव्हते, कारण तो केवळ मॉडेलच्या नावाचा भाग होता.

खरी माहिती खालच्या बारीक अक्षरांतल्या तक्त्यात होती. +१२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर, म्हणजे बारा गुणिले सोळा, फक्त १९२ वॅट. उरलेली क्षमता ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत दाखवली होती, जिचा आजच्या संगणकाला फारसा उपयोग नाही. एके काळी प्रोसेसर ५ व्होल्टच्या वाहिनीवरून वीज घेत असत; २००० च्या सुमारास पेंटियम ४ सोबत १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची जोडणी आली आणि तेव्हापासून प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड या दोन्ही मोठ्या ग्राहकांचा भार मुख्यतः १२ व्होल्टवर येऊन पडला. त्यामुळे ज्या लेबलावर ५ व्होल्टचा आकडा भरघोस आणि १२ व्होल्टचा किरकोळ दिसतो, त्या एसएमपीएसची रचनाच जुनी आहे असे मी धरून चालतो.

हिशेब अवघड नव्हता. रायझन ५ ३६०० वर ६५ वॅट लिहिलेले असले तरी पूर्ण भाराला तो ८८ वॅटपर्यंत जातो. आरएक्स ६६०० चे १३२ वॅट. मदरबोर्ड, रॅम, एक एसएसडी, दोन हार्डडिस्क आणि पंखे यांचे ढोबळमानाने ५० वॅट. एकूण २७० वॅट. पहिल्या दोन आकड्यांची बेरीजच २२० होते, म्हणजे जुन्या एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या मर्यादेपेक्षा जास्त. जुने जीटी ७१० कार्ड १९ वॅटमध्ये भागत असे, म्हणून इतकी वर्षे सारे सुरळीत चालले होते. आरएक्स ६६०० साठी एएमडीने किमान ४५० वॅटचा एसएमपीएस सुचवला आहे. वीजवापरातल्या क्षणिक उसळ्या धरल्या तर ती शिफारस मला वाजवी वाटली आणि ६५० वॅटच्या मागे लागण्याचे कारण दिसले नाही.

वॅट ठरले तरी जोडण्यांचा प्रश्न उरतोच, आणि स्वस्त मालात कात्री नेमकी तिथेच लागते. कार्डाला आठ पिनांची एक जोडणी हवी होती, जी १५० वॅटपर्यंत वीज देऊ शकते; मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून मिळणारे ७५ वॅट वेगळे. मदरबोर्डवर प्रोसेसरसाठी आठ पिनांचे सॉकेट होते, ज्यात आजवर चारच पिना बसवलेल्या होत्या. साटाच्या, म्हणजे डिस्क वगैरेंना वीज देणाऱ्या, चार जोडण्या हव्या होत्या, तीन डिस्कसाठी आणि एक डीव्हीडी रायटरसाठी. शिवाय आमच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाशी बसतो आणि प्रोसेसरचे सॉकेट मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात आहे, त्यामुळे तार मागच्या बाजूने फिरवावी लागते. शिवणकामाच्या टेपने मी तो मार्ग मोजला, तर ५५ सेंटिमीटर भरले.

हे सारे कागदावर लिहून, मंडईच्या वाहनतळावर गाडी लावून पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो. पहिल्या दुकानात ग्राफिक्स कार्डाचे नाव ऐकताच एक कन्व्हर्टर पुढे करण्यात आला, ज्याच्या एका टोकाला मोलेक्सचे (जुन्या पद्धतीचे, चार पिनांचे) दोन प्लग आणि दुसऱ्या टोकाला आठ पिना होत्या. “काका, जुनाच एसएमपीएस चालवा बिनधास्त, कशाला खर्च करताय?” असा सल्लाही मिळाला. कन्व्हर्टरने प्लगचा आकार बदलतो, १९२ वॅटचे २२० होत नाहीत, एवढे सांगून मी पुढे निघालो. मोलेक्सवरून साटा करणारे कन्व्हर्टरही मी टाळतो. त्यांतले एकसंध प्लास्टिकमध्ये ओतून बनवलेले प्रकार आत शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणे दुरुस्ती करणाऱ्यांना चांगलीच परिचित आहेत.

दुसऱ्या दुकानदाराने मात्र खोकी उघडून तारा मोजू दिल्या, आणि असा दुकानदार भेटणे ही खरोखरच मोठी सोय असते. एका एसएमपीएसचे लेबल उत्तम होते, पण प्रोसेसरची तार ४५ सेंटिमीटरच भरली. दुसऱ्याची ६० होती. १२ व्होल्टवर ३६ अँपिअर, म्हणजे ४३२ वॅट. कार्डासाठी ‘सहा अधिक दोन’ पिनांच्या दोन जोडण्या, साटाच्या पाच, ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचे चिन्ह आणि पाच वर्षांची वॉरंटी. किंमत तीन हजारांच्या आत बसली.

ब्राँझमुळे वीजबिल कमी होते हे दुकानात आवर्जून सांगितले जाते. २०० वॅटच्या भाराला ८५ टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून सुमारे २३५ वॅट घेतो आणि ७५ टक्क्यांचा २६७. रोज पाच तास वापर धरला तरी महिन्याला जेमतेम पाच युनिट वाचतात. माझ्या मते त्या चिन्हाचा उपयोग एवढाच, की कोणीतरी तो नमुना पूर्ण भारावर तपासलेला असतो आणि आत उष्णता कमी होते. ४५० च्या ८५ टक्केच वीज संगणकाला मिळते, हा समज तर अजिबात खरा नाही. लेबलावरचे वॅट हे बाहेर मिळणारेच असतात.

घरी जोडताना आठ पिनांचे दोन्ही प्लग नीट पाहून वेगळे केले. प्रोसेसरचा प्लग ‘चार अधिक चार’ असा दुभंगतो, कार्डाचा ‘सहा अधिक दोन’ असा. दोघांत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात, म्हणून प्लग अडला तर जोर लावू नये. नंतर मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या तारेवर मल्टिमीटर लावला. संगणक रिकामा असताना १२.१ आणि रेंडरिंग (आराखड्यावरून चित्र तयार करण्याचे जड काम) चालू असताना ११.९ व्होल्ट दिसले, परवानगी ११.४ ते १२.६ ची असते. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, म्हणून रेंडरिंग सुरू ठेवूनच ६०० व्हीएच्या यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून पाहिला. यूपीएस ओरडला, संगणक बंद पडला नाही, आणि मुलीने “बाबा, फाइल सेव्ह तरी करू द्यायची होती!” म्हणून खडसावले.