आयत सरकवला, तरी पाणी जुन्याच जागी का दिसतं?

‘सुपर मारिओ ६४’च्या लेव्हल उघडून बघणारे हा प्रश्न हमखास विचारतात: पाण्याची उंची बदलली की चित्रही बदलतं, मग पाणी बाजूला सरकवलं की चित्र मागेच का राहतं? तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो.

निन्टेन्डो ६४वरच्या १९९६च्या या खेळात पोहायचं पाणी आणि दिसणारं पाणी वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेलं आहे. मारिओ भिजतो तो कोलिजन डेटातल्या, म्हणजे जमीन, भिंती आणि पाणी कुठे आहे हे खेळाला सांगणाऱ्या माहितीतल्या, आयतांमुळे. सुरुवात तिथूनच करा.

आधी आपल्या कार्ट्रिजवरून काढलेल्या रॉमचे, म्हणजे खेळाच्या डेटाच्या फाइलचे, पहिले चार बाइट बघा. हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) ८० ३७ १२ ४० असतील तर क्रम बरोबर आहे. ३७ ८० ४० १२ दिसले तर बाइटच्या जोड्या उलट्या आहेत, त्या सरळ करून घ्या. लेव्हलचा डेटा कॉम्प्रेस केलेला असतो. तो उलगडल्याशिवाय शोधाशोध व्यर्थ आहे.

उलगडलेला कोलिजन डेटा म्हणजे चिन्हासह १६ बिटी संख्यांची रांग. त्यात पाण्याची खूण हेक्स ००४४. पुढे आयतांची संख्या, मग प्रत्येक आयताच्या सहा संख्या: क्रमांक, किमान एक्स, किमान झेड, कमाल एक्स, कमाल झेड (एक्स आणि झेड या जमिनीवरच्या दोन आडव्या दिशा) आणि पृष्ठभागाची उंची. म्हणजे दर आयताला १२ बाइट. पण नुसतं ००४४ शोधू नका. त्रिकोणाच्या शिरोबिंदूचा क्रमांकही ६८, म्हणजे तेच हेक्स, असू शकतो. किमान हे कमालपेक्षा लहान आहे ना, आणि शेवटच्या आयतानंतर समाप्तीची खूण ००४२ येते ना, हे तपासा. सुरुवातीपासून वाचत येणार असाल तर वाहतं पाणी, सरकती वाळू आणि आडवा वारा या पृष्ठभागांच्या त्रिकोणांना तीनऐवजी चार संख्या असतात. तिथेच बहुतेकांचे पार्सर, म्हणजे हा डेटा वाचणारे प्रोग्राम, घसरतात.

आता खेळ हे आयत कसे वाचतो ते बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. एक्स आणि झेड आत असले की पहिल्या जुळलेल्या आयताची उंची घेऊन शोध थांबतो. त्यामुळे आयत एकमेकांवर आले तर यादीतला क्रम ठरवतो. तुलना काटेकोर ‘पेक्षा लहान’ अशी असल्याने बरोबर कडेवरचा बिंदू बाहेर धरला जातो. आयताला तळ नाही! तळ्याखाली कोरडी गुहा काढलीत तर तीही बुडालेलीच. कुठलाच आयत जुळला नाही तर उंची उणे ११,००० मिळते. क्रमांक ५० किंवा जास्त असेल तर ते पाणी नव्हेच. त्यातले दहाने भाग जाणारे विषारी वायू मानले जातात.

किल्ल्याभोवतालचा खंदक आटतो तो याच यादीत: आयतांची संख्या शून्याव्या जागी धरून मोजलं तर सहाव्या आणि बाराव्या जागी उणे ८०० लिहिलं जातं. ‘वेट-ड्राय वर्ल्ड’ या लेव्हलमध्ये किल्ल्यातल्या भिंतीवरच्या चित्रात किती उंचावरून शिरलात त्यावरून ३१, १०२४ किंवा २८१६ लिहिलं जातं. दर सहाव्या जागी उंची असते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

आणि तुमचं उत्तर: चित्र काढणारा कोड आयताकडून फक्त क्रमांक आणि उंची घेतो. चार कोपरे मात्र त्याच क्रमांकाखालच्या वेगळ्या कोष्टकातून येतात, शेजारी टेक्सचर (पृष्ठभागावर चढवलेली प्रतिमा) आणि पारदर्शकताही तिथेच असते. ते कोपरेही तेवढेच सरकवा.